ड्रोनच्या दिव्याखाली सावली फाटते, तेव्हा आधी काय बघायचं

कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो. रात्रीचे दोन वाजलेले, थंडी वाजतेय, सगळे खूश होऊन गाशा गुंडाळतात. दुसऱ्या दिवशी मुलुंडला घरी लॅपटॉपवर फोटो शंभर टक्के मोठा केला की कळतं, सावल्या फाटल्यात. खडक धारदार, तारे टिंबासारखे, सगळं जागच्या जागी. खडकाची सावली मात्र एकाची दोन झालेली, नाहीतर शेणाने सारवल्यावर हाताचे फराटे उमटतात तशी पसरलेली.

ड्रोनला दिवा बांधून तो वर एका जागी थांबवायचा आणि खाली ट्रायपॉडवरून लांब एक्स्पोजर घ्यायचं, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवायचं, या पद्धतीत हा त्रास मला सलग दोन हिवाळे झाला. दर वेळी मी म्हणायचे, वारा होता. सगळेच तसं म्हणतात, कारण वाऱ्याला विचारायला कोणी जात नाही. शेवटी एका पावसाळ्यात, उडवणं बंद असताना, जुन्या सगळ्या फाइल्स काढून बसले आणि लक्षात आलं की सावली प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने फाटलीय. कशी फाटली ते नीट पाहिलं तर ड्रोन वर काय करत होता ते बऱ्यापैकी कळतं. ड्रोनचा लॉग, म्हणजे उड्डाणाची नोंद, नंतर बघा, आधी सावली वाचा.

माझं सामान आधी सांगते, म्हणजे आकड्यांचा अंदाज येईल. ड्रोन डीजेआय कंपनीचा मॅव्हिक २, त्याला साधारण शंभर ग्रॅमचा चौकोनी एलईडी दिवा. खाली फुलफ्रेम कॅमेरा, २० मिमी लेन्स, एफ २.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, २० सेकंद. तारे ओढले जाऊ नयेत म्हणून वापरतात त्या ५०० भागिले फोकल लेंथच्या हिशोबाने २५ सेकंदांपर्यंत जाता येतं, मी थोडं आतच थांबते. जागा मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याच्या बाजूला, ओळखीच्या काकांची जमीन. समोर सह्याद्रीची भिंत आणि नाणेघाटाजवळचा नानाचा अंगठा.

दिवा बंद करून एक फ्रेम

हे इतकं सोपं आहे की कोणी करत नाही. ड्रोन वर जाण्याआधी, त्याच सेटिंगवर, दिव्याशिवाय एक पूर्ण एक्स्पोजर घ्या आणि तिथेच मोठं करून बघा. त्या फ्रेममध्ये सावली दिसली तर ती ड्रोनची नाही.

माझ्या पहिल्या वर्षातल्या निम्म्या 'दुहेरी' सावल्या शेजारच्या पोल्ट्रीवरच्या हॅलोजनच्या होत्या. दिवा अर्धा किलोमीटर लांब, डोळ्यांना नुसता पिवळा ठिपका. पण २० सेकंदांत आयएसओ १६०० ला त्याचीही सावली येते. तेव्हा मात्र मी ड्रोनचं होकायंत्र चार वेळा कॅलिब्रेट केलं होतं. मावळतीला टेकलेला चंद्र, घाटातून वळण घेणारा ट्रक, सोबत्याच्या कपाळावरची हेडलॅम्प, सगळे याच यादीतले. रंगावरूनही ओळखता येतं: ड्रोनचा एलईडी साधारण ५६०० ते ६००० केल्विनचा, पांढरा-निळसर, तो जिथे पोचत नाही त्या सावलीत पिवळट झाक दिसली तर दुसरा दिवा शोधा.

बुडाशी धारदार, टोकाशी विस्कटलेली

ही सगळ्यात नेहमीची तऱ्हा आणि यात बिघाड काहीच नसतो. खडकाच्या बुडाशी सावलीची कड सुरीसारखी, पुढे पुढे जाताना ती धुरकट होत जाते. याचा अर्थ ड्रोन थोडा थोडा सरकत होता, जसा तो रात्री सरकणारच.

दिवसा ड्रोन जागेवर खिळल्यासारखा उभा राहतो तो पोटाखालच्या कॅमेऱ्यांमुळे. ते जमिनीचा पोत बघून जागा धरतात. मॅव्हिक २ च्या तक्त्यात लिहिलंय की ही व्हिजन यंत्रणा चालू असेल तर आडवं इकडेतिकडे होणं ०.३ मीटरच्या आत, उभं ०.१ मीटर. ती नसेल आणि फक्त जीपीएस असेल तर आडवं १.५ मीटर, उभं ०.५. आणि या यंत्रणेला जमिनीवर १५ लक्सहून (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड लागतो. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. म्हणजे रात्री ड्रोन आंधळा असतो, आणि दीड मीटर सरकला तरी कंपनीच्या हिशोबाने तो 'जागेवरच' आहे.

आता ड्रोनचं ते दीड मीटर सावलीत किती दिसतं? ड्रोन जितका सरकला त्याला खडकाच्या उंचीने गुणा आणि ड्रोनची उंची वजा खडकाची उंची, याने भागा. खडक १ मीटर, ड्रोन १० मीटरवर: दीड भागिले नऊ, सावलीचं टोक १७ सेंटिमीटर सरकतं. तोच ड्रोन ३० मीटरवर नेला तर ५ सेंटिमीटर. बुडाशी उंची जवळजवळ शून्य, म्हणून तिथे काहीच दिसत नाही.

मला हे कळायला वेळ लागला, कारण मी फक्त आडव्या सरकण्याकडे बघत होते. तिरपा प्रकाश हवा म्हणून आपण ड्रोन लांब आणि खाली ठेवतो. समजा १० मीटर उंच, ४० मीटर लांब. १ मीटरच्या खडकाची सावली साडेचार मीटरच्या आसपास पडते. अशा वेळी ड्रोन फक्त अर्धा मीटर खाली आला तरी टोक २५-२६ सेंटिमीटर पुढे पळतं, म्हणजे आडव्या दीड मीटरपेक्षाही जास्त. तिरप्या प्रकाशात उंचीची चूक महाग पडते. आणि रात्री उंचीची भिस्त मुख्यतः हवेच्या दाबावर, तो डोंगराच्या पायथ्याशी स्थिर नसतो.

उपाय भूमितीतच आहे: कोन तोच ठेवा, अंतर वाढवा. १० आणि ४० ऐवजी ३० आणि १२०. सावली जवळपास तेवढीच लांब पडते, पण उंचीच्या त्याच अर्ध्या मीटरने टोक ७ सेंटिमीटर हलतं. किंमत अशी की उजेड नऊपट कमी होतो, म्हणजे तीन स्टॉपपेक्षा थोडं जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ही किंमत मी आनंदाने मोजते. लोक जास्त ल्युमेनचा दिवा विकत घेतात आणि ड्रोन तिथेच दहा मीटरवर टांगतात, ते मला पटत नाही. दिव्याचा जोर अंतर वाढवायला वापरायचा.

दोन सावल्या, दोन्ही ठळक

मधे धूसर काही नाही, दोन स्वच्छ कडा. म्हणजे ड्रोन आधी एका जागी शांत होता, मग टुणकन दुसरीकडे गेला आणि तिथे शांत राहिला. वारा असं करत नाही.

माझ्या बाबतीत हा दिव्याचाच प्रताप निघाला. दिव्याचा उजेड मागे सांडून ड्रोनच्या खालची जमीन उजळत होता, धड पुरेशी नाही आणि धड अंधारीही नाही. व्हिजन यंत्रणेला क्षणभर जमीन दिसायची, ती ताबा घ्यायची, मग गवत हललं की पकड सुटायची आणि पुन्हा जीपीएस. प्रत्येक अदलाबदलीला ड्रोन एक हिसका द्यायचा. स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात मोड बदलताना दिसतो, पण तेव्हा आपलं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं.

यावर दोनच चांगले मार्ग. एक तर खाली पूर्ण काळोख ठेवायचा: दिव्याच्या मागच्या आणि खालच्या बाजूला काळ्या फोमची पट्टी लावा, चार बोटं रुंद पुरते. पंख्यांच्या हवेत ती फडफडणार नाही इतकी घट्ट हवी आणि सेन्सरवर येता कामा नये. नाहीतर ज्या मॉडेलमध्ये खालची व्हिजन पोझिशनिंग सेटिंगमधून बंद करता येते तिथे ती तेवढ्यापुरती बंद करा, आणि उतरवायच्या आधी न विसरता चालू करा. सेन्सरवर चिकटपट्टी लावणारे लोक आहेत. मी लावत नाही, कारण उतरताना ड्रोनला जमीन दिसलेली मला बरी वाटते.

पाण्याच्या कडेला हाच घोळ वेगळ्या रूपात येतो. खाली लाटा किंवा वाहता ओढा असेल आणि त्यावर उजेड पडत असेल तर ड्रोन पाण्यालाच जमीन समजतो आणि पाण्याबरोबर निघतो. तेव्हा दिवा पाण्यावर टाकायचा असला तरी ड्रोन स्वतः कोरड्यावर उभा करा.

पंख्यासारखी पसरलेली, कमानदार

सावलीचं टोक कोयरीसारखं वळलेलं किंवा चंद्रकोरीसारखं दिसलं तर ड्रोन गोल फिरत होता. हे होकायंत्राचं काम. होकायंत्र चुकलं की ड्रोनला आपलं तोंड कुठे आहे तेच नीट कळत नाही. जीपीएस सांगतं, तू पूर्वेला सरकलास. तो परत यायला निघतो, पण तिरका जातो. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा तिरका. घाण्याला जुंपलेल्या बैलासारखा त्याच वर्तुळात चालत राहतो, आणि वर्तुळ मोठं होत गेलं तर तो हातचा जायचीही भीती असते. ही एकच तऱ्हा अशी आहे की दिसल्यावर त्या रात्री पुढे उडवू नये.

याचं कारण मला आमच्या गच्चीवर सापडलं, आणि त्यासाठी उडवावं लागलं नाही. मुंबईत गच्चीवरून उडवण्याचा प्रश्नच नाही, त्याचं पुढे सांगते. पण पंखे काढून ड्रोन नुसता चालू ठेवायला कोणाची हरकत नसते, सोसायटीच्या सेक्रेटरींचीसुद्धा. अडचण अशी की स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या, म्हणून होकायंत्र तिथेच भरकटतं. मी स्वयंपाकघरातला शिसवी पाट नेला, तो प्लास्टिकच्या दोन स्टुलांवर ठेवला आणि पाटावर ड्रोन. आई कपडे वाळत घालायला वर आली होती. म्हणाली, "अगं, दसऱ्याला अजून महिना आहे."

पाटावर ड्रोन तसाच ठेवून दिवा हळूहळू जवळ आणला. दिवा बंद होता तरी वीत-दीड वीत अंतरावर आल्यावर ॲपमधला दिशेचा बाण सरकायला लागला. म्हणजे वीज नव्हे, चुंबक. दिव्याच्या तोंडावर डिफ्युझर (उजेड मऊ करणारा पडदा) पटकन बसावा म्हणून चारही कोपऱ्यांत बारीक चुंबक बसवलेले होते, आणि क्लॅम्पचे स्क्रू लोखंडी. मी कॅलिब्रेशन करायचे तेही गच्चीवर, सळ्यांच्या वर उभं राहून, दिवा लावून. म्हणजे दर वेळी चूक पक्की करत होते.

हीच तपासणी ड्रोनशिवायही होते. मोबाइलचं कंपास ॲप उघडा, चुंबक असलेलं कव्हर काढा, मोबाइल लाकडी टेबलावर ठेवा आणि दिवा जवळ आणा. सुई हलली की तो दिवा तसाच बांधायचा नाही. मी चुंबक काढून टाकले, डिफ्युझर वेल्क्रोने लावला, स्क्रू पितळी टाकले. कॅलिब्रेशन आता शेतात, गाडीपासून लांब, खिशातल्या किल्ल्या बाजूला ठेवून. चंद्रकोरी सावली त्यानंतर दिसलेली नाही.

तुटक रेघा

हे सावलीपेक्षा प्रकाशाच्या रेघेत दिसतं. ड्रोनच्या दिव्याने डोंगर उजळणारे छायाचित्रकार रुबेन वू यांच्या कामासारखी डोंगरावर प्रकाशाची कडी काढायला जावं आणि सलग रेघेऐवजी शिवणीच्या टाक्यांसारखी तुटक रेघ यावी. दिवा मंद करताना बरेचसे एलईडी खरोखर मंद होत नाहीत, ते झपाट्याने चालू-बंद होतात. डोळ्याला कळत नाही, पण हलत्या दिव्याच्या रेघेत कळतं.

तेवढंच असतं तर सोडून दिलं असतं. पण ही चालू-बंद करणारी सर्किटं रेडिओ गोंगाटही करतात. जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो, आणि तो इतका क्षीण असतो की शेजारी थोडी जरी खडखड असली तरी बुडतो. पाटावरच्या परीक्षेचा हा दुसरा भाग: आकाश मोकळं असेल अशा जागी ड्रोन पाच मिनिटं ठेवा, सॅटेलाइटचा आकडा स्थिर होऊ द्या, मग दिवा एकेका पातळीवर दोन-दोन मिनिटं लावून आकडा बघा. माझ्या दिव्यात पूर्ण जोरावर काहीच फरक पडत नाही, अर्ध्यावर आणला की आकडा उतरायला लागतो. म्हणून मी दिवा नेहमी पूर्ण जोरावर ठेवते. कमी करायचा असेल तर समोर डिफ्युझर किंवा नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावते. त्याने मुंबई-ठाण्याकडच्या आकाशाच्या पिवळटपणाशी रंगही जुळतो. एक लक्षात ठेवा: जमिनीवर पंख्यांची हवा नसते, दिवा लवकर तापतो आणि काही दिवे तापले की आपोआप मंद होतात. त्याला बिघाड समजू नका.

सगळं करूनही

हे सगळं निस्तरल्यावर उरतं ते पहिल्या तऱ्हेचं, साधं सरकणं. ते शून्य होत नाही. त्यामुळे आता मी आकाश आणि जमीन एका एक्स्पोजरमध्ये घेतच नाही. आधी जमीन: ड्रोन वर, आयएसओ ८०००, ४ सेकंद, एकापाठोपाठ दहा-पंधरा फ्रेम. ४ सेकंदांत ड्रोन तेवढा सरकत नाही जेवढा २० मध्ये. मग ड्रोन उतरवायचा, ट्रायपॉडला हात न लावता आकाश २० सेकंदांवर, आयएसओ १६०० ला. घरी दोन्ही जोडायचे.

इथे एक सापळा आहे. आयएसओ वाढल्याने दाणे येतात, म्हणून लोक त्या पंधराच्या पंधरा फ्रेम एकत्र करून दाणे कमी करायला जातात. पंधरा फ्रेममध्ये ड्रोन पंधरा जागी होता. जोडल्या की तीच फाटलेली सावली परत हजर, या वेळी कष्टाने कमावलेली. एखाद्या उंच, टोकदार दगडाच्या सावलीचं टोक सगळ्या फ्रेममध्ये तपासा आणि ज्या जुळतात तेवढ्याच घ्या. कधी चार मिळतात, कधी एकच.

उलटी वाटही आहे. मऊ प्रकाश चालत असेल तर ड्रोन मुद्दाम दहा-पंधरा मीटर संथ सरकवा. सावल्या पूर्ण विरघळतात आणि ढगाळ दिवसासारखं दिसतं. गवताळ माळावर हे छान, कातळावर अगदी सपाट वाटतं.

आता परवानगीचं, थोडक्यात. मुंबईत मरीन ड्राइव्हला, वांद्र्याच्या किल्ल्यावर, वरळीच्या खडकांवर हे करता येईल का असं मला नेहमी विचारतात. नका करू. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत मोकळं, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येईल असं, आकाश नाही, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंतच आहे. त्यात नौदल आहे, तुर्भ्याचं (ट्रॉम्बेचं) अणुकेंद्र आहे, आणि वरून मुंबई पोलिसांचे वेळोवेळी निघणारे ड्रोनबंदीचे आदेश. बाहेर जातानाही सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा बघा. आणि २४९ ग्रॅमचा छोटा ड्रोन घेणाऱ्यांनी दिव्यासकट तो घरच्या वजनकाट्यावर ठेवावा. वर्गवारी सामानासकट एकूण वजनावर होते, २५० ग्रॅमच्या वर गेला की तो नॅनो, म्हणजे सगळ्यात छोट्या वर्गातला, राहत नाही, मायक्रो होतो. संरक्षित किल्ले आणि अभयारण्यं यांची परवानगी आणखी वेगळी.

कागदाइतकंच महत्त्वाचं म्हणजे गावात सांगणं. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पुणे, बीड अशा जिल्ह्यांत रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, या धास्तीने गावंच्या गावं रात्रभर जागत होती. अंधारात आकाशातून झगझगीत दिवा खाली येताना बघून कोणी काठी घेऊन आलं तर चूक त्यांची नाही. आम्ही संध्याकाळीच पोलीस पाटलांकडे जाऊन येतो. मागच्या वेळी त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "एवढ्या रात्रीचं काय दिसतं हो फोटोत?" लॅपटॉपवर दाखवलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "बांध कोणाचा हा?" मेच्या अखेरीपासून काजवे असतात, तेव्हा मात्र दिवा घरीच राहतो, पांढऱ्या झोतात काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत.

राहिला वारा. सूर्यास्तानंतर डोंगराची गार हवा उताराने खाली येते, पायथ्याला ती पहिले काही तास चांगलीच जाणवते. मी आता साडेअकराच्या आधी उडवत नाही. दिवा बांधल्यावर बॅटरीही लवकर उतरते, म्हणून तीस टक्क्यांवर खाली.

गेल्या फेब्रुवारीतल्या फेरीत ड्रोन ३० मीटरवर, सव्वाशे मीटर लांब. चौदा फ्रेम घेतल्या, त्यातल्या तीन जुळल्या. बांधावर एक निष्पर्ण पळस होता, त्याच्या फांद्यांची सावली ढेकळांवरून, पेंढ्यावरून, पार कॅमेऱ्याच्या पायांपर्यंत आली होती. शंभर टक्के मोठी केली. प्रत्येक काडी एकेरी. फक्त सगळ्यात वरच्या एका फुलोऱ्याच्या फांदीची सावली पुसटलेली दिसली. तीच फांदी झाडावर पाहिली, तर तीही पुसट. ती मात्र खरंच वाऱ्याने हलली होती.